कोरझोकचे होमस्टे: दोन रात्री राहणार असाल तरच

लडाखमधल्या त्सो मोरिरी तळ्याच्या काठी मुक्काम करायचा असेल तर कोरझोक गावातला होमस्टे हीच सगळ्यात चांगली सोय. तंबूंच्या कॅम्पपेक्षा चांगली आणि गावाला लागून उभ्या राहिलेल्या हॉटेलांपेक्षाही. मात्र दोन रात्री राहणार असाल तरच. एका रात्रीचा मुक्काम हा या गावातला सगळ्यात तोट्याचा सौदा आहे. पाहुण्याची ती रात्र उंचीमुळे डोकेदुखीत जाते, सकाळी तळं धड पाहून होत नाही तोच ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागतो, आणि घरच्या बाईला अंथरुणं, पाणी, गॅस, रांधणं हे सगळं एका रात्रीसाठीही तेवढंच पडतं.

कोरझोक लडाखच्या चांगथांग पठारावर, रुपशू भागात, तळ्याच्या वायव्य काठावर आहे. तळं साधारण ४,५२० मीटरवर, गाव त्याहून किंचित वर. लेहहून सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग, माहेचा पूल, मग सुमदो आणि नामशांग ला ही खिंड ओलांडून २२० किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे, गाडीने सात-आठ तासांचा. गावात द्रुकपा परंपरेचा बौद्ध मठ, त्याच्याभोवती मातीच्या विटांची घरं आणि ओढ्याच्या पाण्यावर पिकणारी जवाची छोटी शेतं. जगातल्या सर्वात उंचावरच्या शेतांत त्यांची गणना होते. लाकडाला कामी येईल असं झाड गावात नाही. छताचे पॉपलरचे वासे आणि त्यांच्यावर अंथरलेल्या विलोच्या काटक्याही खालच्या खोऱ्यातून आणाव्या लागतात. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर होमस्टेबद्दलच्या निम्म्या तक्रारी उरतच नाहीत. दूध-लोणी, मांस, जव, लोकर आणि शेण सोडलं तर घरात जे काही दिसतं ते ट्रकने आलेलं असतं.

होमस्टे म्हणजे राहत्या घरातली एक-दोन, फार तर तीन-चार खोल्या. जमिनीवर गाद्या, समोर बुटकी रंगवलेली चोकत्से, म्हणजे जेवणाची चौरंगासारखी मेजं, आणि जड रजया. भाव माणशी सांगतात, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. खोली ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, खिडकी कुठल्या बाजूला आहे. दक्षिणेकडे काच असलेली खोली दिवसभर तापते आणि मातीच्या जाड भिंती ती ऊब रात्री बऱ्याच उशिरापर्यंत धरून ठेवतात. उत्तरेच्या खोलीत जूनमध्येही अंगावरचं जाकीट काढवत नाही. तळ्याच्या देखाव्यासाठी उत्तरेची किंवा कोपऱ्यातली वारा खाणारी खोली घेऊ नये, तळं बाहेर पडून पाहायचंच आहे. दुसरी गोष्ट, खोली स्वयंपाकघराला लागून आहे का. घरातली चूल तिथंच पेटते, घरची माणसंही तिथंच बसतात, आणि संध्याकाळी पाहुण्यानेही तिथंच बसायचं असतं. आपापल्या खोलीत हीटर मागणारा पाहुणा या घरांत अवघड जागेचं दुखणं होतो.

स्वयंपाकघरातली बुखारी, म्हणजे धुराचा पाइप असलेली पत्र्याची शेगडी, शेणाच्या गोवऱ्या, बकऱ्यांच्या लेंड्या आणि पठारावरच्या बुर्त्से नावाच्या झुडपांवर चालते. आच जलद येते आणि तितक्याच जलद उतरते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी कुणीतरी उठून त्यात ओंजळभर लेंड्या टाकत असतं. एखाद्या घरात झोपायच्या खोलीतही बुखारी मिळते. ती घ्यायची तर धुराचा पाइप भिंतीतून किंवा छतातून पूर्ण बाहेर गेलाय का आणि सांध्यांतून धूर येत नाही ना, हे पेटती असतानाच पाहावं. झोपण्यापूर्वी ती विझू द्यावी. निखाऱ्यांची शेगडी किंवा बिनपाइपचा गॅस हीटर बंद खोलीत रात्रभर ठेवणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने होणारी डोकेदुखी नि मळमळ हुबेहूब उंचीच्या त्रासासारखी असते, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा चांगली धातूची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्यावी. ती पहाटेपर्यंत कोमट राहते.

आता पाणी. याच बाबतीत सर्वाधिक कुरकुर होते, म्हणून जरा हिशेबाने पाहू. आंघोळीला पंधरा लिटरची बादली घेतली आणि पाच अंशांचं पाणी चाळीस अंशांवर आणलं, तर चुलीत वाया जाणारी उष्णता धरून साधारण शंभर ग्रॅम गॅस जळतो. घरात सहा पाहुणे असतील आणि प्रत्येकाने रोज एक बादली मागितली तर दिवसाला सहाशे ग्रॅम. म्हणजे १४.२ किलोचा अख्खा सिलिंडर चोवीस दिवसांत नुसता आंघोळींवर संपतो, स्वयंपाक वेगळाच. तो सिलिंडर लेहहून येतो आणि ट्रक आला की मिळतो. म्हणून बऱ्याच घरांत सकाळी तोंड धुण्यापुरतं गरम पाणी देतात आणि बादली मागितल्यास वेगळे पैसे सांगतात. ते द्यावेत, घासाघीस करू नये. खरं तर दोन दिवस आंघोळ टाळणंच बरं. इतक्या उंचीवर ओल्या केसांनी वाऱ्यात निघालं की जी थंडी भरते ती लवकर उतरत नाही.

पाणी काटकसरीने वापरण्याला याहून मोठं कारण आहे. त्सो मोरिरीला बाहेर जाणारा प्रवाह नाही. डोंगरांवरून वितळून आलेलं पाणी तळ्यात येतं आणि तिथूनच वाफ होऊन जातं, मागे क्षार राहतात. म्हणून त्याचं पाणी मचूळ आहे, पिता येत नाही. गावाची तहान ओढ्यावर भागते आणि ओढा पुढे तळ्याकडेच जातो. त्यात गेलेला साबण, शाम्पू, डिटर्जंट कुठे वाहून जात नाही, तिथंच साठतो. कपडे धुवायचे असतील तर चुमाथांगला किंवा लेहला धुवावेत. हात-तोंड धुतलेलं पाणी घरचे जिथं टाकायला सांगतील तिथंच, मोकळ्या मातीवर टाकावं. ओढ्यात बसून दात घासणारे पाहुणे दर हंगामात दिसतात. ते पाहून वाईट वाटतं, कारण त्याच ओढ्यावर पुढच्या घरांचं पाणी भरलं जातं.

संडास लडाखी पद्धतीचा, कोरडा. वरच्या मजल्यावर मातीची जमीन, तिच्यात एक चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा किंवा राखेचा ढीग आणि त्यात रोवलेलं फावडं. काम झाल्यावर दोन फावडी माती भोकात ओढायची, एवढंच. खालच्या खोलीत वर्षभर साठून, वाळून, कुजून त्याचं खत होतं आणि वसंतात ते जवाच्या शेतात जातं. नीट वापरला तर याला वास जवळजवळ येत नाही. वास येतो तो पाण्याने. पाहुणे सवयीने तांब्याभर पाणी आत ओततात, खालचा ढीग ओला राहतो, हवेअभावी सडतो आणि घाण सुटते. कागद किंवा अगदी थोडं पाणी चालतं, ओतणं चालत नाही. सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, डायपर यांतलं काहीही त्यात टाकायचं नाही. ते कुजत नाही आणि सहा महिन्यांनी घरच्या बाईला ते हाताने शेतातून वेचावं लागतं. रात्री जाताना डोक्याला लावायचा टॉर्च घ्यावा. हातात धरलेला टॉर्च त्या भोकात पडला की मिळत नाही.

काही घरांनी पाहुण्यांच्या आग्रहाखातर फ्लशचे संडास बांधलेत. ते पाहून हायसं वाटत असेल तर थोडं थांबावं. मे आणि ऑक्टोबरमध्ये रात्री नळ गोठतात, पाइप फुटतात, आणि मग फ्लशला पाणी बादलीनेच वाहावं लागतं. प्रत्येक वेळी कित्येक लिटर पाणी जातं, त्याचा खड्डा भरतो आणि त्यातलं झिरपणं उतारानेच जातं. आमच्या मते कोरझोकमध्ये कोरडा संडास ही गैरसोय नसून घराने केलेली सर्वात शहाणी व्यवस्था आहे, आणि निवड करता येत असेल तर तो असलेलंच घर निवडावं.

जेवण साधं आणि पोटभर असतं. भात, डाळ, बटाटा, कधी कोबी किंवा पालक, चपाती. मागितलं तर थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, आणि स्क्यू, म्हणजे कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे घालून शिजवलेला दाट रस्सा. वरणफळं आवडणाऱ्याला स्क्यू हमखास आवडेल. न्याहारीला चपाती किंवा ब्रेड, जॅम, अंडं. घरच्यांसाठी भाजलेल्या जवाचं पीठ असतं, त्याला लडाखी लोक न्गामफे म्हणतात आणि तिबेटी त्साम्पा. लोणी-मिठाचा गुरगुर चहा थोडा घालून ते वाटीतच बोटांनी मळतात आणि गोळा करून खातात. एकदा मागून खावं. पचायला हलकं, दुपारपर्यंत भूक लागत नाही, आणि ताटातला हा एकच पदार्थ गावच्या शेतातला असतो. वाळवलेलं चीज, छुर्पे, दाताने फोडू नये, गालात धरून ठेवावं.

इथल्या स्वयंपाकाची खरी अडचण हवेच्या दाबाची आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७-५८ टक्के असतो, त्यामुळे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात भात कितीही वेळ ठेवला तरी कणी राहते आणि डाळ फुटत नाही. सगळं कुकरमध्येच करावं लागतं, आणि तिथंही खालच्या प्रदेशात १२० अंशांच्या जवळ जाणारं तापमान इथं ११२-११३ अंशांवर थांबतं. परिणामी शिट्ट्या जवळपास दुप्पट होतात. राजमा, छोले आदल्या रात्री भिजवलेले नसतील तर होणार नाहीत. म्हणून रात्री काय हवं ते पोहोचल्या पोहोचल्या, चारच्या आत सांगून टाकावं. साडेसातला जेवून घ्यावं, कारण घरातले लोक पहाटे जनावरांसाठी उठतात. शाकाहारी असाल तर थुक्पा मागताना तसं मुद्दाम सांगा, नाहीतर त्यात सुकं मांस असू शकतं. पावसाळ्यात सिंधूकाठचा रस्ता दरडींनी बंद झाला की हिरवी भाजी नाहीशी होते आणि तीन दिवस डाळ-बटाटाच मिळतो. त्याबद्दल घराला दोष देण्यात अर्थ नाही.

चहाची एक रीत माहीत असू द्या. कपातला एक घोट घेतला की तो परत काठोकाठ भरला जातो. नको असेल तर कप भरलेलाच राहू द्यायचा आणि निघताना एकदम संपवायचा. हात आडवा धरून तीन-तीनदा नको म्हणण्यापेक्षा हे सोपं पडतं आणि वाढणारीलाही बरं वाटतं. घरातल्या वयस्क बाईला आमा-ले, बरोबरीच्या किंवा थोड्या मोठ्या बाईला आच्चे-ले म्हणतात. शेवटचा ‘ले’ आपल्या ‘जी’सारखा, आदराचा. भेटताना, निघताना आणि आभार मानताना एकच शब्द पुरतो, जुले.

आता उंचीबद्दल, कारण या मुक्कामात काही बिघडलं तर नव्वद टक्के वेळा ते इथंच. लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानाने उतरून दोन दिवसांत कोरझोकला झोपायला जाणं म्हणजे एका रात्रीत हजार मीटरहून मोठी उडी. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची रात्रीला साधारण पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा सर्वसाधारण दंडक आहे. तेव्हा लेहला किमान दोन, शक्यतो तीन रात्री काढाव्यात आणि मधली एक रात्र चुमाथांगला. ते सिंधूच्या काठी, चार हजार मीटरच्या आसपास आहे. गरम पाण्याचे झरे आहेत, त्यामुळे कोरझोकला जी आंघोळ मिळणार नाही ती तिथं होते. लेहपासून ते १३८ किलोमीटरवर, वाटेतच आहे. हा एक मुक्काम वाढवला तर कोरझोकची पहिली रात्र वाया जात नाही. उंचीचा त्रास टाळण्याचं औषध, अॅसिटाझोलामाइड, घ्यायचं की नाही ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवावं, सल्फाची अॅलर्जी असेल तर ती त्यांना सांगावी.

पहिल्या रात्री झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटून दचकून जाग येणं अगदी सामान्य आहे. श्वासाची लय या उंचीवर तशीच चालते, उठून बसलं की बरं वाटतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा पाहून पुष्कळ लोक घाबरतात. पण इथं पहिल्या दिवशी ७५ ते ८५ हा आकडा बऱ्याच धडधाकट माणसांचा येतो, आणि बोटं गार असली तर तो आणखी खोटा, कमी दिसतो. हात चोळून गरम करून पुन्हा पाहावा. घाबरायचं ते लक्षणांना. डोकेदुखीबरोबर वारंवार उलट्या, टाच-अंगठा जुळवून सरळ रेषेत चालता न येणं, बसल्या जागी धाप, छातीत घरघर किंवा ओला खोकला, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट पाहू नये.

इथंच कोरझोकची खरी अडचण आहे, आणि बुकिंग घेताना ती कुणी सांगत नाही. खाली उतरायचं म्हटलं तरी आधी चढावं लागतं. गाव एका बंद खोऱ्यात आहे. लेहच्या दिशेने निघालं की ४,८०० मीटरहून उंच नामशांग ला ओलांडूनच सुमदो आणि माहेकडे उतार लागतो. त्यामुळे त्रास वाढलेल्या माणसाला नुसतं गाडीत घालून चालत नाही, वाटेत ऑक्सिजन लागतो. दुकानात मिळणारे हलके ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांना इलाज समजू नये. गाडीत मीटर आणि मास्कसह खरा सिलिंडर आहे का, तो भरलेला आहे का आणि ड्रायव्हरला तो उघडता येतो का, हे लेहमध्येच पाहून घ्यावं. गंभीर रुग्णाला शेवटी लेहच्या सोनम नोरबू स्मारक रुग्णालयातच न्यावं लागतं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा मुक्काम टाळावा.

बाकी तयारीचं थोडक्यात. टाकी लेहला किंवा कारूला भरून घ्यावी, परतीपर्यंतचं अंतर ४४० किलोमीटर धरून, कारण कोरझोकला पंप नाही. रोख रक्कम लेहहून, सुट्या नोटांत. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही कोरझोकला लागेलच असं समजू नये. पर्यावरण शुल्काची पावती आणि ओळखपत्राच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात, माहेच्या तपासणी नाक्यावर विचारतात. परदेशी पाहुण्यांना संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो. वीज सौर पॅनेल आणि बॅटरीवरची, म्हणून पॉवर बँक घरूनच भरून न्यावी. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, रात्री त्या अंथरुणात घेऊन झोपावं.

दोन रात्रींमधला जो मोकळा दिवस मिळतो तो कसा वापरायचा, यावर मुक्कामाची सगळी किंमत ठरते. तळं पहाटे ते दहापर्यंत पाहावं. दुपारपासून वारा सुटतो आणि काठावर उभं राहवत नाही. २००२ पासून हे तळं महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसार यादीत आहे. पट्टेरी हंस इथं अंडी घालतात, शेंडीचे पाणबुडे आणि तपकिरी डोक्याचे कुरव दिसतात, आणि नशीब असेल तर पाणथळीत काळ्या मानेचा क्रौंच. जून-जुलैमध्ये पाणथळ गवतात पाय टाकू नये, घरटी तिथंच असतात. गाडी तर मुळीच नेऊ नये, चाकांच्या चाकोऱ्या त्या गवतात वर्षानुवर्षं राहतात. पक्षी मान वर करून तुमच्याकडे पाहायला लागले की जास्त जवळ आलो असं समजून मागे सरावं. तंबूंच्या कॅम्पबद्दल आमची हरकत हीच आहे. सपाट आणि हिरवी जागा तंबूला लागते आणि पक्ष्यांना नि बकऱ्यांनाही तीच लागते. गावातल्या घरात झोपणारा पाहुणा ते गवत अडवत नाही.

दुपारनंतर किंवा दुसऱ्या सकाळी गावामागच्या ओढ्याने कोरझोक फू या वरच्या खोऱ्यात जावं. तीन-चार किलोमीटरचं अंतर आहे पण दीड-दोन तास धरावेत. उन्हाळ्यात तिथं चांगपा पशुपालकांचा तळ असतो. याकच्या केसांच्या पट्ट्या विणून, शिवून केलेला काळा तंबू, रेबो, आता कमी दिसतो. तो ऊन-पावसात टिकतो आणि त्यातून धूर बाहेर जातो, पण त्याचं ओझं वाहायला याकच लागतात. त्यांची जागा पांढऱ्या कापडी तंबूंनी घेतली आहे. पाहण्यासारखी वेळ म्हणजे बकऱ्या दोहण्याची. एका लांब दोरीत बकऱ्या समोरासमोर, माना एकमेकींत अडकवून, दोन रांगांत बांधतात. शंभरेक बकऱ्यांची ती वेणी दिसायला लागते आणि बाया मागच्या बाजूने एकेक पुढे सरकत दूध काढतात. सगळ्यांचं झालं की दोरीचं एक टोक ओढलं की अख्खी वेणी सुटते. फोटो विचारूनच काढावा, आणि दोहताना जवळ जाऊन कळप बुजवू नये.

या बकऱ्या म्हणजेच गावाचं मुख्य उत्पन्न. हिवाळ्याच्या कडाक्यात त्यांच्या लांब राठ केसांखाली १२ ते १४ मायक्रॉन जाडीची जी मऊ लव येते तीच पश्मिना. उन्हाळा लागला की ती आपोआप सुटायला लागते. मग बकरीचे पाय बांधून, आडवी पाडून लोखंडी वाकड्या दातांच्या कंगव्याने ती विंचरून काढतात. एका बकरीची वर्षाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास निघते, तीही राठ केसांसकट. ते केस वेगळे केले की हातात त्यातला लहान वाटाच राहतो. शंभर बकऱ्यांचा कळप म्हणजे वर्षाला पंचवीस किलो कच्चा माल, आणि तो एकदाच विकला जातो. बर्फ जास्त दिवस राहिलं आणि चारा झाकला गेला की कळपच्या कळप उपाशी मरतात. २०१२-१३च्या हिवाळ्यात चांगथांगने ते सोसलं आहे. एके काळी त्सो कार या खाऱ्या तळ्याचं मीठ खाली नेऊन धान्य आणायचा व्यापार होता, तोही कधीच संपला. अशा घरात होमस्टेचे पैसे हंगामभर थोडे-थोडे रोख येत राहतात, आणि ते बहुतेक बाईच्या हातात येतात. मुलं पुग्याच्या निवासी शाळेत किंवा लेहला, पुरुष कळपामागे किंवा ट्रेकिंगवाल्यांच्या घोड्यांबरोबर. घर आणि पाहुणे तीच सांभाळते. म्हणून शक्य असेल तेव्हा खोली थेट घराशी ठरवावी. एजंटमार्फत घेतलीत तर घराला किती मिळणार, हे आधी विचारायला संकोच करू नये.

खरेदीबद्दल एक सल्ला. गावात पश्मिना म्हणून दाखवलेली शाल घेण्यापेक्षा घरात कातलेल्या मेंढीच्या किंवा याकच्या लोकरीचे मोजे, टोप्या घ्याव्यात. पश्मिन्याची शुद्धता डोळ्यांनी ओळखता येत नाही. धागा जाळून केसासारखा वास आला तर ती लोकर आहे एवढंच कळतं, कुठली ते कळत नाही. मोज्यांत फसण्यासारखं काही नसतं, पैसे सरळ कातणारीला जातात. शहतूश कुणी दाखवली तर हातही लावू नये. ती चिरू हरणाला मारून मिळते आणि बाळगणंही गुन्हा आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये मठाचा गुस्तोर उत्सव असतो. लामांचे मुखवट्यांचे नाच, रानोमाळच्या चांगपा कुटुंबांची गर्दी. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण, मिळाली तरी घरात पाव्हणेरावळे भरलेले असतात. उत्सवासाठी यायचं तर बरंच आधी कळवावं. नुसता शांत मुक्काम हवा असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरची सुरुवात बरी. सप्टेंबरात जवाची कापणी असते, पण रात्री पाणी गोठायला लागतं.

गावातली मोकाट कुत्री ही खरी समस्या आहे. ती कॅम्प आणि खाणावळींच्या उष्ट्यावर वाढली. हिवाळ्यात खायला मिळेनासं झालं की कळपांवर पडतात, आणि क्रौंचांची, हंसांची अंडी-पिल्लं फस्त करतात. बिस्किटं टाकू नयेत, कितीही शेपटी हलवली तरी. रात्री गावात एकटं हिंडू नये. चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लसीसाठी लेह गाठावं लागेल, म्हणजे सहल तिथंच संपली. उरलेलं अन्न बाहेर ठेवण्याऐवजी घरच्यांना द्यावं, त्यांच्या जनावरांना चालतं. प्लास्टिकच्या बाटल्या, पुड्या, वाइप्स मात्र परत आपल्याच गाडीतून लेहला आणावेत. त्या गावात ठेवल्या तर बुखारीत जळतात किंवा वाऱ्याने तळ्यावर जातात, तिसरी वाट नाही.

रजया दर पाहुण्यामागे धुतल्या जात नाहीत, धुणं शक्यही नाही. स्वतःची पातळ चादर किंवा स्लीपिंग बॅगचं अस्तर न्यावं आणि त्यात शिरून वर रजई घ्यावी. निघायच्या सकाळी रजईची घडी घालून ठेवू नये. रात्रभरचा दमटपणा तिच्यात राहिला तर पुढच्या पाहुण्याला ती गार आणि जड लागते. आमा-लेंना विचारून ती गच्चीवर उन्हात टाकावी आणि कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. दुपारी वारा येतोच.